मिसळण्याची परीक्षा कोण घेतो?

युरोपातल्या निर्वासितांचा विषय निघाला की आपल्याकडचा वाद फार लवकर एकाच प्रश्नापाशी येऊन अडतो: ही माणसं मिसळतात का? २०१५ साली सीरियातून निघालेले लोंढे टीव्हीवर दिसले, तेव्हापासून हा प्रश्न मी लेखांत वाचला आहे, लग्नाच्या पंगतीत ऐकला आहे, आणि मोबाइलवर फिरणाऱ्या लांबलचक संदेशांत तर तो हटकून असतो. मध्यंतरी एका व्याख्यानमालेत दक्षिण इटलीतल्या तीन खेड्यांना साक्षीदार म्हणून उभं करण्यात आलं. तुर्कांच्या स्वाऱ्यांपुढून पळालेल्या क्रोएशियन कुटुंबांनी वसवलेली ही खेडी. एक वक्ता म्हणाला, पाचशे वर्षं झाली तरी हे लोक आपलीच भाषा बोलतात, म्हणजे निर्वासित कधीच मिसळत नाही. दुसरा म्हणाला, पाचशे वर्षं गुण्यागोविंदानं राहिले, म्हणजे प्रेमानं जवळ केलं की सगळं सुरळीत होतं. टाळ्या दोघांनाही मिळाल्या. मला मात्र दोघांचंही ऐकताना वाईट वाटत राहिलं, कारण त्या गावांचा इतिहास या दोन्ही निष्कर्षांपैकी एकाच्याही कामाचा नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. निर्वासितांचं गाव टिकतं की मोडतं, हे आलेल्यांच्या स्वभावावर फार थोडं अवलंबून असतं. ज्यांनी त्यांना जागा दिली त्यांनी काय दिलं आणि बदल्यात काय मागितलं, यावर ते ठरतं. ‘मिसळले का’ ही परीक्षा एकदा मांडली की तिला शेवट राहत नाही; परीक्षार्थी पिढ्यान्‌पिढ्या बाकावर बसून राहतो आणि परीक्षकाला मात्र कोणी काही विचारत नाही.

आधी गावं पाहू. इटलीच्या पूर्व किनाऱ्यालगत मोलिझे नावाचा छोटा, डोंगराळ, गरीब प्रदेश आहे. एड्रियाटिक समुद्रापासून तीसेक किलोमीटर आत, टेकड्यांच्या माथ्यावर मोंतेमित्रो, आक्वाविवा कोल्लेक्रोचे आणि सान फेलिचे ही तीन खेडी बसली आहेत. गावकऱ्यांच्या तोंडी त्यांची नावं वेगळी आहेत: मुंडिमितार, क्रुच आणि फिलिच. आक्वाविवा म्हणजे जिवंत पाणी, आणि त्याच अर्थाचं ‘झिवावोदा’ हे नाव गावाच्या भाषेतही आहे. तिन्ही मिळून वस्ती दोनेक हजारांच्या आतच. बोस्निया १४६३ साली तुर्कांच्या हाती पडला, क्रबावाच्या मैदानावर १४९३ साली क्रोएशियाची सरदारमंडळी कापली गेली, आणि १५३७ साली क्लिसचा किल्लाही पडला. या सत्तर-पाऊणशे वर्षांत दाल्मेशियाच्या, म्हणजे समोरच्या क्रोएशियन, किनाऱ्यावरून आणि त्यामागच्या डोंगरी मुलखातून कुटुंबंच्या कुटुंबं होड्यांत बसली. मोलिझेकरांचं मूळ नेरेत्वा नदीचं खोरं आणि बियोकोवो डोंगरामागच्या भागात असावं, हे भाषाशास्त्रज्ञांनी त्यांच्या बोलीवरून काढलं आहे. गावात सांगतात की पूर्वज मे महिन्यातल्या एका शुक्रवारी किनाऱ्याला लागले, आणि मुंडिमितारमध्ये संत लुचीयाची मिरवणूक त्या आठवणीशी जोडलेली आहे.

ही मंडळी स्वतःच्या भाषेला क्रोएशियन म्हणत नाहीत. ते म्हणतात ‘ना-नाशू’, म्हणजे ‘आपल्यात’, ‘आपल्या पद्धतीनं’. एक गोष्ट सांगितली जाते, ती मला फार आवडते. १८५५ साली दाल्मेशियातल्याच दुब्रोव्निक शहराचा कवी मेदो पुत्सिच नेपल्समध्ये होता. तिथे एक शिंपी आपल्या बायकोशी बोलताना त्याच्या कानावर पडला आणि पुत्सिच दचकला, कारण ते बोलणं त्याला कळत होतं. शिंपी क्रुचचा होता. साडेतीनशे वर्षं पलीकडच्या किनाऱ्याला या माणसांची खबर नव्हती, आणि एका शिंप्याच्या घरगुती बोलण्यातून ती पुन्हा लागली. त्यानंतर विद्वान येऊ लागले, १९११ साली भाषाशास्त्रज्ञ मिलान रेशेतारचं मोठं संशोधन आलं, आणि ‘आपल्यात’ बोलणाऱ्यांना जगानं एक राष्ट्रीय नाव दिलं. ते नाव चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. पण ते आलं बाहेरून, आणि पुष्कळ उशिरा. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या या लोकांना आपण कोण, याचं उत्तर देण्यापुरती एवढीच ओळख पुरत होती: आपली माणसं, आपलं बोलणं.

आता ‘पाचशे वर्षांत मिसळलेच नाहीत’ म्हणणाऱ्यांनी ही भाषा जवळून पाहावी. मराठी माणसाला ती चटकन कळेल, कारण आपल्याही भाषेत तीन लिंगं आहेत. कल्पना करा की मराठीतून नपुंसकलिंग हळूहळू नाहीसं झालं. ‘ते घर’, ‘ते झाड’ उरलंच नाही, सगळं ‘तो’ आणि ‘ती’त वाटलं गेलं. ना-नाशूमधल्या नामांचं असंच झालं आहे, कारण इटालियनमध्ये दोनच लिंगं. ‘अधिक सुंदर’ म्हणायची स्लाव, म्हणजे क्रोएशियन ज्या भाषाकुळातली त्याची, पद्धत गेली आणि इटालियनसारखं ‘जास्त’ हा शब्द पुढे जोडून काम भागू लागलं. ‘आणि’, ‘किंवा’, ‘पण’, ‘की’ असे वाक्याचे सांधे इटालियनमधून आले. चारापर्यंत मोजायला आपले आकडे, पुढचे बहुधा इटालियन. क्रियापदाचा स्लाव स्वभाव मात्र, म्हणजे काम चालू आहे की पुरं झालं हे धातूतच सांगण्याची रीत, अजून शाबूत आहे. ज्या समाजानं स्वतःभोवती कुंपण घातलं, त्याच्या भाषेत शेजाऱ्याचं ‘आणि’ आणि शेजाऱ्याचं ‘पण’ शिरेल का? शब्द बाजारातून उसने घेता येतात, वाक्याचे सांधे उसने घ्यायला पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या अंगणात वावरावं लागतं. आडनावंही तशीच वळली: स्तानिशिचचं स्तानिशा झालं. हे लोक मिसळले होतेच. फक्त विरघळले नव्हते, आणि या दोन क्रियापदांतला फरक आपल्या वादात कोणी करत नाही.

मग ते टिकले कसे? इथे प्रेमानं जवळ करण्याच्या गोष्टीलाही रजा द्यावी लागते. १४५६च्या डिसेंबरात नेपल्सच्या राज्यात, म्हणजे मोलिझे तेव्हा ज्यात होतं तिथे, भीषण भूकंप झाला. गावंच्या गावं जमीनदोस्त झाली, साथींनी आधीच माणसं कमी केली होती. जहागीरदारांकडे जमीन होती, ती कसायला हात नव्हते, आणि हात नाहीत म्हणजे सारा नाही. समुद्रापलीकडून आलेल्यांना त्यांनी ओसाड गावठाणं दिली ती या हिशेबानं. मोलिझेतल्याच पालाता गावच्या चर्चवर एक लॅटिन शिलालेख होता. दाल्मेशियाच्या लोकांनी हे गाव प्रथम वसवलं आणि हे मंदिर पायापासून उभारलं, १५३१ साली, असा त्याचा आशय. ‘पायापासून’ हा शब्द त्यांनी दगडात कोरून ठेवला, यावरून त्यांना स्वतःबद्दल काय सांगायचं होतं ते कळतं. आम्ही आश्रयाला आलो हे त्यांनी लिहिलं नाही, आम्ही बांधलं हे लिहिलं. पालातात आज ती भाषा कोणी बोलत नाही. तावेन्ना, सान ब्याझे अशा आणखी काही गावांतूनही ती कधीच गेली. म्हणजे एकाच प्रदेशात, एकाच लाटेतून आलेल्या माणसांची काही गावं पूर्ण विरघळली आणि तीन विरघळली नाहीत. मोलिझेला कुठल्या गावामुळे काय तोटा झाला, कोणी सांगू शकेल का?

यावर पहिला आक्षेप असा येतो, आणि तो वजनदार आहे: हे खरे निर्वासित नव्हतेच, बोलावून आणलेले वसाहतकार होते. आजच्या ऑस्ट्रियातल्या बुर्गेनलांडमध्ये तर हे आणखी स्पष्ट दिसतं. तिथे सोळाव्या शतकात बात्यानीसारख्या सरदार घराण्यांनी आपल्या क्रोएशियातल्या जमिनींवरची कुळंच उचलून पश्चिम हंगेरीतल्या उजाड गावांत नेऊन बसवली. त्यांना सवलती दिल्या, सोबत त्यांचे पाद्री येऊ दिले. आजच्या होडीतून येणाऱ्या, कोणी न बोलावलेल्या माणसाशी त्यांची तुलना कशी करायची? मला वाटतं, ‘निर्वासित की वसाहतकार’ ही विभागणी कागदावरची आहे. ज्याच्या गोठ्याला मागून आग लागली आहे आणि पुढून कोणी जमिनीचा तुकडा देतो आहे, तो माणूस एकाच दिवशी दोन्ही असतो. त्याला बोलावलं म्हणून त्याची आग खोटी ठरत नाही. उलट या आक्षेपातून माझ्याच म्हणण्याला बळ मिळतं. तीच माणसं, तीच भीती, पण त्यांच्याकडे ‘कसायला आलेले हात’ म्हणून पाहिलं गेलं आणि गाव उभं राहिलं. फरक आलेल्यांत नव्हता.

दुसरा आक्षेप याहून मोठा आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त टाळ्या घेणारा: ते कॅथलिक होते आणि कॅथलिकांच्या देशात गेले, धर्म एक म्हणून जमलं. यात तथ्य आहे हे मी मान्य करतो. एकाच वेदीपुढे गुडघे टेकणाऱ्यांची लग्नं लवकर जुळतात, आणि लग्नं जुळली की निम्मे तंटे मिटतात. पण धर्म एक असणं हीच अट असती, तर त्याच नेपल्सच्या राज्यात त्याच काळात आलेल्या आल्बेनियन निर्वासितांचं काय? त्यांचे पूजाविधी पूर्वेकडच्या ग्रीक पद्धतीचे होते, त्यांचे धर्मगुरू लग्न केलेले असत. दक्षिण इटलीतल्याच कालाब्रियातल्या त्यांच्या गावांनी तो विधी आजवर सांभाळला, आणि १९१९ साली खुद्द रोमनं त्यांच्यासाठी लुंग्रोला वेगळी धर्मपीठाची व्यवस्था केली. त्याच आल्बेनियन वंशातला फ्रान्चेस्को क्रिस्पी पुढे इटलीचा पंतप्रधान झाला.

आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? त्याच सोळाव्या शतकात आपल्या शेजारी, गोव्यात, काय घडलं ते आठवावं. पोर्तुगीजांनी देवळं पाडायला सुरुवात केली, तेव्हा १५६०च्या सुमारास कुशस्थळीचा मंगेश भक्तांनी रातोरात हलवला आणि जुवारी नदी ओलांडून प्रियोळला नेला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. आज आपण श्रावणात तिथे दर्शनाला जातो, दीपमाळेपुढे फोटो काढतो, तेव्हा मनात येतं का, की हे निर्वासितांचं देऊळ आहे? आणि नदीच्या पलीकडे त्या वेळी राज्य कोणाचं होतं? अंत्रुज महाल, म्हणजे फोंड्याचा भाग, आदिलशाहीत होता. हिंदू देव ख्रिस्ती राजवटीतून निघाले ते मुसलमान सुलतानाच्या मुलखात जाऊन राहिले, आणि तिथे त्यांना घुमटीपुरती जमीन मिळाली. आदिलशहाला संत ठरवण्याचा माझा हेतू नाही. त्याचेही हिशेब होते, जसे नेपल्सच्या जहागीरदारांचे होते. पण ‘धर्म एक असेल तरच आसरा निभतो’ हे वाक्य मराठी आणि कोंकणी माणसाच्या तोंडी तरी शोभत नाही. आपल्या घरातल्या कुलदैवतांचा प्रवासच ते खोटं ठरवतो.

गोव्याचं निघालं म्हणून एक आडवळण. जुन्या गोव्याजवळ गवंडाळी गावात साव ब्राझचं, म्हणजे संत ब्लेझचं चर्च आहे. हा संत दुब्रोव्निकचा पालक. त्यावरून ते चर्च दुब्रोव्निकच्या व्यापाऱ्यांनी बांधलं आणि तिथे त्यांची मोठी वसाहत होती, असं सांगितलं जातं, आणि हजारोंच्या वस्तीचे आकडेही फिरतात. मला ती कथा मोहवते, पण आकडे पटत नाहीत. या संताची भक्ती पोर्तुगीजांतही होती, तेव्हा नुसत्या नावावरून एवढी मोठी वस्ती उभी करता येत नाही. हे इथे सांगितलं ते एवढ्यासाठी, की छोट्या गावांचा इतिहास मोठ्यांच्या सोयीनं फुगवला जातो आणि तितक्याच सहज पुसलाही जातो.

पुसला कसा जातो, ते पाहायला चेक देशाच्या दक्षिणेला, ऑस्ट्रियाच्या सीमेवर जावं लागेल. मोराविया प्रांतात तीन शेजारी गावं होती: फ्रेलिखोव, नोव्ही प्रेरोव आणि दोब्रे पोले. तीही सोळाव्या शतकात तुर्कांपुढून आलेल्या क्रोएशियन कुटुंबांनी वसवलेली. इथेही उजाड झालेली जमीन, इथेही कसणारे हात, इथेही कॅथलिकांत कॅथलिक. चार शतकं गावं नांदली. घरात क्रोएशियन, बाजारात जर्मन, कचेरीत चेक, असं तीन भाषांतलं आयुष्य तिथल्या शेतकऱ्याला सवयीचं होतं. म्हणजे आज आपण ‘मिसळलेला नागरिक’ ज्याला म्हणू, त्याचा नमुनाच. मग १९३८ साली म्युनिकचा करार झाला, सीमेचा पट्टा हिटलरच्या जर्मनीत गेला, आणि त्यासोबत ही गावंही गेली. कोणी त्यांना विचारलं नाही. तरुण पोरं जर्मन सैन्यात भरती केली गेली. युद्ध संपलं, जमीन परत चेकोस्लोव्हाकियाची झाली, आणि नव्या राजवटीनं या गावांकडे पाहून एकच प्रश्न विचारला: हे लोक कोणाचे? १९४८ पासूनच्या दोन-तीन वर्षांत दोन हजारांच्या आसपास माणसांना घरादारातून उठवलं. त्यांना एकत्र कुठे नेऊन वसवलं असतं तरी गाव जगलं असतं. पण सरकारला गावच नको होतं. त्यांना उत्तर आणि मध्य मोरावियातल्या, जर्मनांना हाकलल्यावर रिकाम्या पडलेल्या शंभरावर गावांत पांगवण्यात आलं. इथे दोन घरं, तिथे तीन. फ्रेलिखोव हे नावसुद्धा ठेवलं नाही. नदीच्या नावावरून येविशोव्का असं नवं नाव दिलं.

या प्रसंगापाशी मी नेहमी थांबतो. जे काम तुर्कांच्या घोडदळाला जमलं नाही, जे साथींना आणि दुष्काळांना जमलं नाही, ते एका सरकारी यादीनं उरकलं. भाषा मरायला बंदूक लागली नाही. शेजारी काढून घेतला की पुरतं. आजी-आजोबा सोडून बोलायला कोणी नाही, शाळेत चेक, कारखान्यात चेक, आणि ‘तुम्ही इथे कुठून आलात’ या प्रश्नाला खरं उत्तर देण्याची भीती. एका पिढीत संपलं. ‘मिसळले का’ ही परीक्षा सरकारनं कडक घेतली की निकाल असा लागतो. आणि ज्यांना धर्म एक असण्याचा भरवसा वाटतो त्यांनी हेही पाहावं, की फ्रेलिखोवच्या चर्चमधला क्रॉस तिथल्या एकाच्याही कामी आला नाही.

यावर एक प्रामाणिक प्रश्न उरतो, आणि तो मी टाळणार नाही. वेगळी भाषा, वेगळी ओळख ठेवलेला गट शत्रूच्या हातातलं हत्यार होऊ शकतो, या भीतीत काहीच तथ्य नाही का? विसाव्या शतकात हिटलरनं परदेशांतल्या जर्मन वस्त्यांचा वापर तसा केलाच होता. पोळलेल्या देशाची धास्ती समजण्यासारखी आहे. पण ती धास्ती निष्ठेची परीक्षा भाषेवर घेते, आणि भाषा निष्ठेबद्दल काहीच सांगत नाही. निकोला नेरी नावाचा डॉक्टर क्रुचचा. घरी ना-नाशू बोलणारा. १७९९ साली नेपल्समध्ये राजेशाही उलथवून प्रजासत्ताक आलं तेव्हा तो त्यात होता, आणि राजा परतल्यावर त्याच वर्षी त्याला फाशी झाली. त्याच्या नेपल्सवरच्या निष्ठेला त्याची मातृभाषा आड आली नाही. उलट, भाषा टाकून देणाऱ्याला तरी अभय मिळतं का? १९९५च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रियातल्या ओबरवार्ट गावाबाहेर रोमांच्या, म्हणजे ज्यांना जिप्सी म्हणतात त्या लोकांच्या, वस्तीजवळ एक फलक लावलेला सापडला. त्यावर लिहिलं होतं: रोमांनो, भारतात परत जा. चौघे रोमा तो काढायला गेले आणि त्याला जोडलेल्या बॉम्बनं चौघेही जागीच गेले. त्यानंतर लगेच जवळच्या श्टिनात्स या क्रोएशियन गावात स्फोट झाला, त्यात एक सफाई कामगार जखमी झाला. रोमा त्या भागात कित्येक शतकं राहत आहेत. त्यांच्यातल्या कोणी भारत नकाशापलीकडे पाहिला असेल का? हजार वर्षांपूर्वीच्या उगमाचा पत्ता शोधून ज्याला ‘परत जा’ म्हणायचं आहे, त्याच्या परीक्षेत कितीही मिसळलात तरी कोण पास होणार? तो फलक वाचताना मला अजून पोटात खड्डा पडतो, कारण त्यावर आपल्या देशाचं नाव शिवीसारखं वापरलेलं आहे.

‘आज परिस्थिती वेगळी आहे, तेव्हा जमीन रिकामी होती, संख्या थोडी होती’ हा आक्षेप मला यातला सर्वांत खरा वाटतो. एका शहराच्या एका उपनगरात हजारो माणसं एकदम आली, घरं नाहीत, काम नाही, तर तिथल्या गरीब रहिवाशाची चिडचिड ही द्वेषबुद्धी नसते. त्याचा नळ आणि त्याची रेशनची रांग खरी असते. ती नाकारून उदारमतवादाचं भलं होत नाही. पण ‘जमीन रिकामी नाही’ हे कुठल्या इटलीबद्दल बोलतो आपण? २०१९ साली याच मोलिझे प्रदेशाच्या सरकारनं जाहीर केलं, की दोन हजारांपेक्षा कमी वस्तीच्या गावात येऊन राहा, तिथे काही धंदा सुरू करा, आम्ही तीन वर्षं महिन्याला ७०० युरो देऊ. पाचशे वर्षांपूर्वी भूकंपानं गावं ओस पडली होती, आता शहरांनी आणि परदेशांनी पाडली. मुंडिमितारची, क्रुचची पोरं रोमला गेली, जर्मनीत गेली, ऑस्ट्रेलियात गेली. जहागीरदाराची अडचण जशीच्या तशी परत आली आहे. दारं बंद करण्याबद्दलची भाषणं आणि माणसं बोलावण्याची जाहिरात एकाच देशात एकाच काळात चालू आहे, हे कोणाला विसंगत वाटत नाही?

आता दुसऱ्या बाजूचं, म्हणजे माझ्याच बाजूच्या मित्रांचं. त्यांना वाटतं, जाच नसला की संस्कृती आपोआप टिकते. मोलिझेत जाच नव्हता. तरी ना-नाशू बोलणारे आज हजाराच्या आत आले आहेत. शाळा इटालियनमध्ये, नोकरी इटालियनमध्ये, टीव्ही इटालियनमध्ये. आईबापांनी पोरांच्या भल्यासाठी घरात भाषा बदलली. इटलीनं बारा भाषिक अल्पसंख्याकांना कायद्यानं मान्यता दिली, त्यांत क्रोएशियनही आहे, पण तो कायदा डिसेंबर १९९९चा. घरातला शेवटचा बोलणारा म्हातारा झाल्यावर शाळेत तास सुरू करण्यासारखं ते आहे. यात दोष आईबापांचा नाही. माझ्या शेजारी एक सिंधी काकी राहतात. त्यांचं माहेर उल्हासनगरचं. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत जे शहर उभं राहिलं, तिथलं. नातवंडांशी त्या हिंदीत बोलतात, आमच्याशी उत्तम मराठीत. पण भाजीवाल्याकडे सुटे पैसे मोजताना त्यांचे ओठ सिंधीत हलतात. मी एकदा विचारलं, काकी, मुलांना का नाही शिकवली? त्या म्हणाल्या, “शिकवून बोलणार कोणाशी होती रे ती?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. भाषेला बोलायला माणसं लागतात, एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. ती जहागीरदारानं अजाणता दिली होती, एक अख्खं गाव देऊन. चेक सरकारनं समजून-उमजून काढून घेतली. आणि आजच्या निर्वासित धोरणांत तर, पांगवून ठेवलं की लवकर मिसळतील, हे जणू शहाणपण म्हणूनच सांगितलं जातं.

म्हणून पुढच्या वेळी कोणी मोलिझेच्या खेड्यांची साक्ष काढली, तर मला वेगळे प्रश्न ऐकायला आवडतील. आलेल्यांना काम करायची परवानगी किती दिवसांत मिळाली? त्यांना एकत्र राहू दिलं का? त्यांच्या मुलांच्या शाळेत त्यांची भाषा जाणणारं कोणी होतं का? जमिनीचा, घराचा कागद त्यांच्या नावावर झाला का? या प्रश्नांची उत्तरं परीक्षकानं द्यायची असतात, आणि ती तपासता येतात.

येविशोव्काच्या चर्चभोवती १९९१ पासून दरवर्षी सप्टेंबरात ‘किरितोफ’ भरतो, गावजत्राच म्हणा. शंभरावर गावांत पांगलेल्यांची मुलं-नातवंडं त्या दिवशी मोटारी भरून येतात. सामानाच्या डिकीतून इस्त्री केलेले भरतकामाचे पोशाख निघतात, मुलींना परकराच्या घड्या कशा घालायच्या हे कोणीतरी म्हातारी दाखवत असते, आणि सूचना चेक भाषेत दिल्या जातात. गाणी तेवढी जुन्या भाषेत. संध्याकाळी सगळे आपापल्या मोटारींत बसतात आणि गाव पुन्हा इतरांचं होतं.